शालूच्या आकाशगंगा

"काका, बसा न जरा. तुमी असे डोक्यावर उभे राहिले तं माहे हात थरथरतात," कुंदन म्हणाला.

उत्तमराव बसले आणि लगेच उठले. अकोल्यातल्या ओळखीच्या कुंदनच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एकच स्टूल होतं, तेही त्यांना सकाळपासून टोचत होतं. समोर त्यांच्या बायकोचा, शालूचा फोन उघडून पडला होता. दसरा तोंडावर आलेला, दर्यापुरात त्यांच्या फुलांच्या दुकानापुढं झेंडूचे ढीग, आणि हा माणूस सगळं शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून पहिल्या बसनं इथं आला होता.

चूक त्यांचीच होती. उन्हाळ्यात शालू गेली तेव्हापासून तिचा फोन ते सदऱ्याच्या खिशात ठेवत. काल हारांवर पाणी शिंपडायला वाकले आणि फोन बादलीत गेला.

"गेला, काका. यातून आता काई निघत नाई. फोटो होते का काकूचे?"

"फोटो आहेत घरी. तिच्या आकाशगंगा होत्या त्यात."

कुंदननं मान वर केली. उत्तमराव बाहेर गेले, रस्ता पाहून परत आले.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की शालू फोनवर आकाशगंगा पाहत बसायची. मुलगी रूपालीनं शिकवलं होतं. दुर्बिणीनं टिपलेलं एकेक चित्र यायचं. ते गोल आहे, चपटं आहे की भोवऱ्यासारखं फिरलेलं, हे पाहून बटण दाबायचं. शालू फोन उलटासुलटा फिरवून पाहायची. शेवंती घेतानाही ती प्रत्येक फूल असंच देठाकडून पाहून घ्यायची. उत्तमराव ओरडायचे, "हार बांध वो! आभाळ कुठं पळून नाई चाललं."

तेवढ्यात अकोल्यातल्याच दवाखान्याची ड्युटी संपवून रूपाली आली. कुंदननंच तिला फोन केला होता.

"बाबा, ऐन दसऱ्यात दुकान सोडून आले? अन् मले सांगतलंही नाई?"

"तुह्या आईचं सारं बुडवलं मी."

"काय बुडवलं?"

"आकाशगंगा."

रूपाली हसली नाही. तिनं पर्स काउंटरवर ठेवली. "बाबा, ते फोनमंदी नसते. शास्त्रज्ञाइनं आभाळाचा नकाशा केला अन् साऱ्या जगाले खुला करून ठेवला. कोणीही पाहावं. चित्रं इतकी आहेत का त्याइच्यानं एकट्यानं निवडून होत नाईत, म्हणून लोकाइले इचारतात. आईनं जे सांगतलं ते तिकडं पोचलं. फोन बुडाला तरी ते राहते."

उत्तमराव स्टूल ओढून नीट बसले. "मंग दाखव. तिच्या कोणत्या?"

रूपाली काउंटरवरची पर्स इकडंतिकडं सरकवू लागली.

"दाखव न."

"ते नाई दाखवता येत. एक चित्र लय जण पाहतात, साऱ्याइचं मिळून ठरते. अन् आईनं नावच घातलं नवतं. बिनानावाचं चालते म्हणे, मंग कायले नाव घालू, असं म्हणे."

"म्हणजे तिचं कोणालेच माईत नाई?"

"नाई."

ते ताडकन उठले. "वा रे! एवढी वर्सं डोळे फोडले तिनं!"

"तिनं मांगितलं होतं का काई, बाबा?"

बाहेर दर्यापूरचा जीपवाला ओरडत होता. जावं, असं त्यांना वाटलं. दुकानात जावं, घरी जावं, कुठंही. दारापर्यंत जाऊन ते थांबले.

"तुह्या फोनमंदी येते का ते?"

रूपालीनं फोन उघडून दिला. काळ्यावर एक फिकट रेघ होती, मधे थोडी फुगलेली. उत्तमरावांनी फोन आडवा केला, तर चित्रही फिरून पुन्हा तसंच झालं. त्यांनी उलटा केला. पुन्हा तेच.

"हे काहून माह्यासंगं फिरून राहिलं?"

"स्क्रीनचं फिरणं लॉक करा लागते, काका," कुंदन म्हणाला. "काकूनंही माह्याकडूनच करून घेतलं होतं."

रूपालीनं ते करून दिलं. आता चित्र जागेवर राहिलं. उत्तमरावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

"दाबा, बाबा. चुकलं तरी चालते. बाकीचे पाहतातच."

"थांब."

जीप निघून गेली. कुंदननं शालूच्या फोनचं झाकण लावून तो कागदात गुंडाळला आणि काउंटरवर ठेवला. उत्तमराव दारात, उजेडाकडं पाठ करून उभे होते. दोन बोटांत धरलेला फोन ते हळूहळू फिरवत होते, देठाकडून पाहिल्यासारखा.