नदीकाठचा मुलगा

“कुरिहारा, हा पोरगा जिवंत आहे,” मुख्य चित्रं काढणारे सेगावासान म्हणाले आणि कागदांची जाडजूड चळत त्यांनी तोमोए कुरिहाराच्या टेबलावर ठेवली. वर पिवळा कागद. पिवळा कागद म्हणजे काम परत आलं.

तोमोएने चळत उचलली आणि अंगठ्याखालून पानं फर्रकन सोडली. नदीकाठी बसलेला पानांवरचा मुलगा दगड उचलत होता, दुसऱ्या दगडावर ठेवत होता, हात मागे घेत होता. हात बरा चालत होता. दगडाला वजन होतं. काय चुकलं तेच तिला कळेना.

“गळ्याशी बघ.”

तिने बघितलं आणि तिची कानशिलं तापली. किमोनोची उजवी बाजू आत, डावी तिच्यावरून. माणसं घालतात तशी. पण हा मुलगा मेलेला होता. मेलेल्याला उलटं घालतात, डावी आत आणि उजवी वर. कुणी चुकून तसं घालून बाहेर आलं, तर घरातलं म्हातारं माणूस अंगावर ओरडतं. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. आणि तोमोएने एका नव्हे, सगळ्याच्या सगळ्या कागदांवर त्या मुलाला जिवंत माणसासारखे कपडे घातले होते.

चित्रपट होता हाताने काढलेल्या चित्रांचा, पाताळात उतरलेल्या एका आईचा. आईबापांच्या आधी मेलेली मुलं तिथल्या कोरड्या नदीच्या काठी दगडावर दगड रचत बसतात, राक्षस येऊन ते पाडतात, मुलं पुन्हा रचायला घेतात. त्यातल्या आपल्या एकाला परत आणायला ही बाई जिवंतपणी खाली जाते. तिच्या मागोमाग सगळा स्टुडिओ कधीचा उतरत चालला होता, आणि आता सगळ्यांचेच चेहरे तिथल्या रहिवाशांसारखे झाले होते.

“बरं केलंस,” शेजारच्या टेबलावरून मिझुए म्हणाली. ती राक्षस काढायची. “पोरगा जिवंतच आहे म्हटल्यावर पिक्चर इथेच संपला. चला, घरी जाऊया.”

“तू आधी तुझ्या राक्षसांची शिंगं मोज,” सेगावासान म्हणाले. “कालच्या एकाला तीन आहेत.”

“त्याला बढती मिळालीय.”

सेगावासान हसले नाहीत. पण ओरडलेही नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी डोळे चोळले. “कुरिहारा, चारपर्यंत दे. नाहीतर संध्याकाळच्या गाडीने बाहेरच्या लोकांकडे पाठवावं लागेल. मग पुढचं पण तिकडेच जाईल. एकच पोरगा दोन वेगळ्या हातांनी काढलेला दिसायला नको.”

पुढचं म्हणजे आई वाकून मुलाला उचलते तो शॉट. लेक नागि झाल्यावर तोमोए कामावर परतली, तेव्हापासून तिच्या वाट्याला उडणारी पानं आली होती, वाडग्यावरची वाफ आली होती, गर्दीतल्या लोकांच्या पाठी आल्या होत्या. हा मुलगा तिने तोंडाने मागून घेतला होता. मागणं हा तिचा स्वभाव नव्हता. पण तो एक शॉट तिला हवा होता. सगळ्या चित्रपटात तेवढाच.

तिने काचेखालचा दिवा लावला. मुख्य चित्र काचेवर, त्यावर कोरा कागद, दोन्ही खुंट्यांत अडकवलेले. मुख्य चित्रांच्या रेघा स्वच्छ उतरवायच्या, मग दोन चित्रांच्या मधली हालचाल एकेका कागदावर काढत जायची. खालच्या चित्रात गळा बरोबर होता, म्हणजे उलटा होता. उजेडात ढळढळीत दिसत होता. डोळ्यांनी तो बघितला होता आणि हाताने ऐकलं नव्हतं.

“सवय गं,” मिझुए म्हणाली. “लहानपणापासून आपण तसंच काढतो.”

“हो. सवयच.”

सवय नव्हती. गेल्या हिवाळ्यात नागिला ताप चढून झटके आले होते. रुग्णवाहिका येईपर्यंत तोमोए तिच्या ओठांचा रंग बघत बसली होती, आणि तेव्हापासून ती बघतच होती. जेवताना, रस्ता ओलांडताना, खेळताना. तिचं बोट आपोआप पोरीच्या मानेवर जायचं. आज सकाळी केस बांधताना मान कोमट लागली होती. थर्मामीटर म्हणाला ठीक आहे. तिने थर्मामीटरचं ऐकलं, कारण आज ते सोयीचं होतं.

तिने पहिल्या कागदावरचा गळा खोडला. पेन्सिल टेकवली आणि थांबली. घरात तीन वर्षांचं मूल असताना एका मुलाला आपल्या हाताने मेल्याचे कपडे घालायचे, एकदा नाही, कागदामागून कागद. चार बुकं शिकलेल्या बाईने असलं काही मनात आणू नये. पण मनात आणायला शिक्षणाची परवानगी कोण विचारतं?

सेगावासान स्टोव्हवर हात शेकून परत येत होते. तिच्या मागे उभे राहिले. कागद कोराच होता.

“लेक बरी आहे ना?”

“आहे.” मग तिला राहवलं नाही. “सेगावासान, हात जात नाही हो.”

“मग कुणाचा जाईल? मिझुएकडे द्यायचं म्हटलं तर तिच्या घरी फक्त मांजर.”

“मांजराला मधे आणायचं काम नाही,” मिझुए मान वर न करता म्हणाली.

सेगावासानांनी काचेवर वाकून मुख्य चित्राकडे बघितलं. ते त्यांनीच काढलेलं होतं. “तू याला वाचवायला बघतेस,” ते हळू म्हणाले. “पण हा तिथे पोचलेलाच नसेल, तर त्याची आई एवढं खाली कशाला उतरेल? तिची सगळी पायपीट फुकट जाईल बघ.”

ते निघून गेले. तोमोएने डावी रेघ आत घेतली, उजवी वरून काढली. कागद उलटला. दुसरा घेतला.

दुपारच्या जेवणाची ओनिगिरी, भाताचा मुटका, टेबलाच्या कोपऱ्यात वेष्टनातच राहिली. अर्धी चळत झाली तेव्हा फोन थरथरला. पाळणाघर.

“नागिची आई, ताप आलाय. साडेसदतीस अंशांच्या वर गेला. या लगेच.” तिथल्या इसोबेबाईंचा आवाज.

“झटके वगैरे…”

“नाही नाही. ऑफिसात झोपवलंय. पण कुरकुरतेय.”

नवरा बदलीवर सेन्दाईला. दुसरं कुणी नव्हतं. तोमोएने चळतीकडे बघितलं. “बाई, एक तासभर…”

“नागिची आई, सगळ्यांच्याच कामाला एक तास हवा असतो हो,” इसोबेबाई म्हणाल्या. “या. ती आहे इथे.”

त्यानंतर तिने वर बघितलं नाही. डावी आत, उजवी वर. मुलगा दगड उचलत होता, ठेवत होता. एरवी पोरीसाठी जीव घाबरा झाला की तिचा हात कापायचा. आज तो कापला नाही, आणि याचंच तिला भय वाटलं. शेवटचे काही कागद राहिले तेव्हा मिझुएने राक्षस बाजूला सारून तिच्या कागदांना क्रमांक घालायला घेतले.

सेगावासानांनी उभ्या उभ्याच पानं सोडली. एकदा. पुन्हा एकदा. नदीकाठी एक मेलेला मुलगा दगड रचत होता, कुणी येणार आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

“हं,” ते म्हणाले. “आता आहे तिथे.” मग कपाटातून दुसरा लिफाफा काढून त्यांनी तिच्या टेबलावर ठेवला. “उचलतानाचा. उद्या बघ. आता पळ.”

पाळणाघराच्या ऑफिसात नागि भिंतीकडे तोंड करून पडली होती. कपाळाला गार पट्टी. झोपलेली नव्हती, झोपलेल्या मुलाची पाठ अशी ताठ नसते.

“नागि.”

पाठ आणखी ताठ झाली.

“मघापासून दाराकडे बघत होती,” इसोबेबाई म्हणाल्या. “बघून बघून रागावली.” त्यांनी पोरीची पिशवी पुढे केली. “औषध दिलेलं नाही. घरी गेल्यावर बघा.”

तोमोए अंथरुणाशी बसली. मानेवर बोट ठेवलं. कढत. नागिने मान आखडून घेतली.

“उशीर केलास,” ती भिंतीला म्हणाली.

“केला.”

“आता मी येणार नाही.”

“बरं. मग मीच नेते.”

तिने पोरीला पाठीवर घेतलं. नागिने आधी अंग सैल सोडून जड केलं, रागावलेली मुलं करतात तसं. मग बाहेरचा गार वारा लागला तशी आईच्या पाठीला चिकटली. घराकडचा रस्ता चढाचा होता. दुकानांपुढे लोक सायकली लावत होते. चढाच्या मध्यावर नागि खरोखरच झोपली, आणि तिचा एक हात तोमोएच्या खांद्यावरून पुढे लोंबायला लागला.

मनगट बाहेर वळलेलं. बोटं अर्धी मिटलेली. पावलागणिक हात थोडा मागे राहायचा आणि मग पुढे यायचा. पाऊल आधी, हात नंतर. उचलून नेलेल्या मुलाचा हात असा चालतो, तोमोएच्या मनात आलं. उद्या असाच काढायचा.

तिला चढावर दम लागला होता. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली, कोटाचं वरचं बटण सोडलं, आणि तो कढत छोटा हात आत, जिथे तो आपल्या डोळ्यांना दिसणार नाही, तिथे सरकवून ठेवला.