ज्या गोठ्यात मी तीन वर्षं गेलो नाही

मित्रांनो, मी एक जुना, दोन इंची ब्रश आहे. मूळचा रंगकामाचा. रोहणा गावच्या नर्स प्रमिलाबाईंनी १९९८ साली मला आर्वीच्या दुकानातून आणलं आणि खरजेच्या औषधात बुडवलं. मानेपासून तळपायापर्यंत लेप द्यायचा, प्रत्येक घरानंतर मी स्वतः उकळत्या पाण्यात आंघोळ करायची. पोरं गुदगुल्यांनी किंचाळत. बरं वाटलं की लोक बाईंचा हातगुण वाखाणत. माझं नाव कोण घेतो!

गोपालच्या घरी मात्र मी हरलो. त्याची लेक अंकिता तीन वर्षं बरी व्हायची आणि पुन्हा खाजवायची. मास्तर तिला वर्गाबाहेर बसवत.

"तुमचं औषध म्हणजे पानी हाय, बाई," तिची आई मंदाबाई म्हणे.

खरं सांगतो, त्या घरातल्या एका माणसाला मी शिवलोच नव्हतो. गोपालचे वडील किसनराव. त्यांच्या हातांवर जाड खपल्या चढल्या होत्या. गावानं ठरवून टाकलं, महारोग! तपासलं कुणीच नाही. गोठ्यात खाट, वेगळं ताट. अंकिता तेवढी चोरून त्यांच्या वाकळीत शिरून बसे.

२००४ साली वर्ध्याहून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली.

"महारोग नाही, खरूजच आहे. किडे हजारोंनी आहेत. यांना नुसता लेप पुरणार नाही. पोटात गोळ्या आणि अंगाला लेप, दोन्ही सोबत. आणि घरातल्या सगळ्यांवर एकाच दिवशी उपचार."

गोपालनं मान खाली घातली. प्रमिलाबाई मला घेऊन गोठ्यात शिरल्या.

"मीच चुकली, काका. दारातूनच परत जात राह्यली."

"काऊन वो बाई, बैल समजून रंगवून राह्यली का मले?" किसनराव हसले. आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

ठरलेल्या दिवशी पुन्हा गोळ्या, पुन्हा मी. महिन्या-दीड महिन्यात खपल्या गळाल्या. अंकिता वर्गात बसू लागली, आणि तिची खाज परतली नाही.

मंदाबाई गोठ्याशी आल्या. "मामाजी, घरात चाला."

"पोळा होऊ दे. ज्यायनं तीन वर्षं संगत देली, त्यायले सांगून येतो."

पोळ्याला त्यांनी मला मागून घेतलं, दोन्ही बैलांची शिंगं रंगवली आणि मग उंबरा ओलांडला.

आता माझे केस झडलेत. मित्रांनो, लेप लावण्याआधी घरातली माणसं मोजा, गोठ्यातलीसुद्धा. आणि समजा, खरंच महारोग असता, तरी गोठा हे कोणत्या रोगाचं औषध आहे, तेवढं मला सांगा.