नर वेलाला लागलेले घड

शिडीच्या वरच्या पायरीवरून बाबा म्हणाले, "दोरा दे, बाबा."

जॉर्जियातल्या आमच्या काखेती भागात बाप लेकराला हाक मारताना स्वतःचंच नातं लावतो. त्यामुळे मी पंचेचाळिशीची झाले तरी या घरात दोन बाबा होते. एक शिडीवर, एक शिडी धरून उभी.

"निळा नको, हिरवा दे. निळा बिचिकोला दिसेल."

"बिचिकोकाकांना मोतीबिंदू आहे."

"तो एका डोळ्याला. त्या डोळ्याने तो देवाकडे बघतो. आपल्या कुंपणाकडे बघायला दुसरा राखून ठेवलाय."

बाबा कुंपणावरच्या वेलाला द्राक्षांचे घड बांधत होते. हा वेल मूळचा जंगलातला, आणि नर. उन्हाळ्याच्या तोंडाला फुलोरा असा यायचा की सगळी गल्ली घमघमायची. पण द्राक्ष म्हणाल तर एक नाही. वर त्याची सावली शेजारच्या बिचिकोकाकांच्या टोमॅटोंवर पडायची. ते त्याला 'घरजावई' म्हणत. या वर्षी त्यांनी कुऱ्हाडीला धार लावून ती कुंपणाला टेकवून ठेवली होती, आम्हाला दिसेल अशी.

"एक घड दाखव, एल्गुजा," ते बाबांना म्हणाले होते. "एकच. मग मरेपर्यंत हात लावणार नाही. नाहीतर द्राक्षतोडणी संपली की तुझा घरजावई माझ्या चुलीत."

बाबांनी आधी सरळ मार्गाने समजावून पाहिलं होतं. जुन्या मातीत सापडणारे परागकण ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी काकांना घरी बोलावलं, हातात पेला दिला आणि सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. आधी कुंपणावरच्या वेलाचा पराग दाखवला. लांबट कण, अंगावर बारीक जाळी, उभ्या तीन खाचा आणि प्रत्येक खाचेत मधोमध एक छिद्र. द्राक्षाच्या साऱ्या घराण्याचा हा शिक्का. मग काकांच्या मांडवावरच्या वेलाचा. तो वेल मादी फुलांचा. त्याचा पराग गोल, गुळगुळीत, खाच म्हणून नाही.

"दार नसलेलं घर आहे हे," बाबा म्हणाले. "आतलं बाहेर कुठून येणार? तुझ्या वेलाला द्राक्षं धरतात ती माझ्या वेलाच्या जिवावर. हा तोडलास तर मांडवावर नुसती पानं राहतील."

काकांनी बराच वेळ पाहिलं. "हे गहू आहेत आणि हे वाटाणे," ते म्हणाले. "आणि माझ्या आजोबांनी लावलेल्या बाईला तुझ्या घरचा गडी लागतो, हे मी पेला रिकामा झाल्यावरही ऐकून घेणार नाही."

म्हणून आता शिडी. मी वरती बांधायला घड देत होते तेव्हा माझ्या लक्षात आलं. लांबट, गुलाबी दाणे. गावात ही जात एकाच मांडवावर होती.

"बाबा, हे त्यांचेच आहेत. ही चोरी झाली."

"अर्धी चोरी. यातली प्रत्येक बी अर्धी याची आहे." त्यांनी वेलाच्या खोडावर थाप मारली. "लेकरं बापाला भेटायला आणली, एवढंच."

दुपारी बिचिकोकाका बाहेर आले. वेलासमोर थांबले. टोपी काढली, छातीवर क्रूस रेखला आणि घरात गेले. बाबा स्वयंपाकघराच्या पडद्यामागे तोंडात टॉवेल कोंबून हसत होते.

"उद्या सांगू त्याला. आजची रात्र त्याला चमत्कारात झोपू दे." मग खिडकीतून वेलाकडे पाहत त्यांनी विचारलं, "कसं दिसतंय, बाबा?"

हा आमचा जुना खेळ. मी लहान असल्यापासून ते मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलवायचे, कसं दिसतंय विचारायचे, आणि मी ठरलेलं उत्तर द्यायची. त्याही दिवशी तेच दिलं. "धूळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत.

आमच्याकडे माती चार-पाच दिवसांनी होते; तोवर घड सुकून सुरकुतले आणि दोरे उघडे पडले. जेवणाला सगळं गाव येणार होतं. घड ठेवले तर बाबांचं हसू होणार. काढले तर काकांचा शब्द संपला आणि वेलही. शेवटी, बाबांना कुणी हसू नये म्हणून, काढायचेच ठरवून मी पहाटे कात्री घेऊन कुंपणाशी गेले. शिडीवर बिचिकोकाका होते, काळ्या सदऱ्यात. ताजे घड बांधत होते.

"धर शिडी, लामारा," ते वळूनही न बघता म्हणाले. "तुझ्या बापाला गाठ मारता येत नव्हती. एवढी पुस्तकं वाचली, त्यात गाठ नव्हती वाटतं."

"काका, तुम्हाला कधी कळलं?"

"स्वतःची द्राक्षं ओळखू येणार नाहीत मला? मांडवाला भगदाड पाडलं होतं त्याने. माझी बायको सकाळपासून पाखरांना शिव्या घालत होती."

"मग क्रूस कशाला रेखलात?"

"हसू येत होतं. हाताला काहीतरी काम हवं होतं. पडद्याबाहेर त्याचं नाक दिसत होतं." त्यांनी गाठ दाताने आवळली. "दुसऱ्या दिवशी जाऊन सांगणार होतो, एल्गुजा, पाद्रीबुवांना बोलावलंय, ते या घडांची दारू चर्चला नेणार आहेत. घाम फोडला असता त्याला." त्यांनी पुढचा घड उचलला. "पाहुणे येतील. एल्गुजाचा वेल सुकलेला दिसायला नको."

"आणि कुऱ्हाड?"

"घड दिसला ना? मी शब्दाचा माणूस आहे."

अंगणात ताडपत्रीखाली पंगत बसली. आधी कोलिओ वाढला, मधात कालवलेला उकडलेला गहू. पेला उचलून गेलेल्याबद्दल बोलण्याचा मान बिचिकोकाकांकडे होता. त्यांनी ताटातला एक दाणा बोटांत धरला, चांगल्या डोळ्यासमोर नेला.

"एकच खाच," ते पुटपुटले. "त्याच्या गव्हाला तीन होत्या." मग उभे राहून, मृतासाठीचा पेला रीतीप्रमाणे कुणाच्या पेल्याला न भिडवता, थोडकं बोलले आणि म्हणाले, "पुढचं लामारा बोलेल."

अशा पंगतीत लेकीला बोलायला सांगत नाहीत. कुणीतरी खाकरलं. काकांनी खाकरणाऱ्याकडे मोतीबिंदूचा डोळा वळवला आणि तो गप्प झाला.

मी उभी राहिले. कुंपणावर नर वेलाला गुलाबी घड लोंबत होते, आणि सगळं गाव त्यांच्याकडे बघत नसल्यासारखं करत होतं. मी रीतीप्रमाणे बाबांच्या नावाने पावाच्या तुकड्यावर थोडी दारू ओतली.

"बाबा," मी म्हणाले, "धूळ नव्हती ती. सुंदर दिसायचं. प्रत्येक वेळी."