कलाबाईची तिसरी खेप

कंबरेच्या एमआरआयसाठी कलाबाई दोनदा बुलढाण्याला येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा त्या नळीतून पळाली होती. दुसऱ्यांदा तर दवाखान्याच्या झग्यातच, पार रस्त्यापर्यंत. जळगाव जामोदच्या बाजारात जिच्या आवाजाला अडते वचकत, तिचा बंद जागेत जीव घुसमटतो, हे भगवंतरावांना लग्नाच्या छत्तीस वर्षांनी कळलं.

तिसऱ्या खेपेला भूल देणाऱ्या डॉ. आसमा हजर होत्या. "हलकी झोप देते, काकू. सगळा वेळ लक्ष ठेवीन. सकाळपासून पोटात काही गेलं नाही ना?"

"पाणीबी नाई," कलाबाई ठासून म्हणाली.

येताना आठ वाजता नांदुऱ्याच्या स्टँडवर भगवंतराव खाली उतरले होते आणि बसकडे परतताना खिडकीतून त्यांनी सगळं पाहिलं होतं. बायकोचा शब्द त्यांनी आजवर खाली पडू दिला नव्हता. पण डॉक्टरीणबाई सुई भरू लागल्या तसे ते उठलेच.

"खाल्लं तिनं. कचोरी. दोन."

कलाबाईनं असं पाहिलं, की ते भिंतीला जाऊन टेकले. "तुमाले काऊन बोला लागते मधात?"

"झोपेत उलटी होऊन श्वासात गेली, तर जिवावर बेततं," डॉ. आसमा म्हणाल्या. "काका बोलले ते बरं झालं. तळलेलं आहे, आठ तास थांबू. चारला घेऊ."

चारपर्यंत कलाबाई नवऱ्याकडे पाठ करून बसली.

मग सुई लागली, बोटाला चिमटा, नाकाशी ऑक्सिजन, आणि पाऊण तासात काम फत्ते. भगवंतराव शिव्या खायच्या तयारीनंच आत गेले. कलाबाई अर्धवट डोळ्यांनी खुदुखुदू हसत होती.

"डॉक्टरीणबाई, हा मानूस कोन आहे? लय देखना दिसून राह्यला."

"तुमचे मिस्टर आहेत, काकू."

"हाव? मंग मले कोनी सांगितलं काऊन नाई?"

नर्स तोंडाला पदर लावून बाहेर पळाली.

"औषधाचा अंमल आहे," डॉ. आसमा हसू दाबत म्हणाल्या. "उद्यापर्यंत त्यांना एकटं सोडू नका, कशावर सही घेऊ नका. आणि बोलणं मनावर घेऊ नका."

भगवंतरावांनी मान डोलावली, पण मनावर घेऊन झालं होतं. परतीच्या जीपमध्ये कलाबाई त्यांचा हात धरून समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला रामराम घालत होती. मोताळ्यापाशी भगवंतरावही घालू लागले.