डाव्या हाताचं पिस्तूल

एप्रिलातल्या त्या बर्फाच्या पावसात लाइल ऑस्बी गेला आणि रूडी बाखमायर वाचला. दोघंही वीज संस्थेचे लाइनमन. तारांवर मनगटाएवढा बर्फ चढला होता आणि गावापासून पार काउंटीच्या हद्दीपर्यंत खांब आडवे झाले होते. वीज बंद असल्याची खात्री करून दोघांनी जमिनीवरची तार उचलायला घेतली, आणि नेमकं त्याच वेळी कुठल्याशा शेतावर कुणीतरी गोठ्याचं जनरेटर चालू केलं. वीज उलटी तारेत आली. लाइल जागच्या जागी गेला. रूडीच्या उजव्या हाताची अंगठ्यापासूनची तीन बोटं तेवढी बधिर झाली. पुढे चौकशी झाली, अहवाल आला. रूडीनं तो उघडला नाही.

लाइलच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात झालेल्या जेवणाला त्यानं दोनदा वाढून घेतलं. जेवणं झाल्यावर खुर्च्या मिटून भिंतीशी लावल्या, लाइलच्या बायकोला, जनेलला, मिठी मारली आणि घरी आला. डोळ्यांतून टिपूस नाही. बायका म्हणाल्या, केवढा खंबीर माणूस! खंबीर कसला? त्याला काही वाटतच नव्हतं. शिंक येतेय येतेय म्हणून माणूस तोंड उघडून बसतो आणि ती येतच नाही, तसा तो काही दिवस वाट बघत बसला. मग वाट बघणंही सोडून दिलं. संस्थेनं त्याला खांबावरून उतरवून ऑफिसात फोनवर बसवलं. लोक वीज गेल्याची तक्रार करायचे, रूडी नाव-पत्ता लिहून घ्यायचा. एकटाच राहायचा, त्यामुळे घरी आल्यावर बोलावं लागायचं नाही, हे बरंच होतं.

जूनमध्ये एका शनिवारी जनेल त्याच्या दारात आली. काखेत पुठ्ठ्याचं खोकं.

"हे घे," ती म्हणाली. "आणि नको म्हणू नकोस. मी ते परत गाडीत ठेवणार नाही."

खोकं हातात घेताच वजनावरून रूडीनं ओळखलं. लाइलचं पिस्तूल. पंचेचाळीस बोअरचं, नेमबाजीच्या स्पर्धेसाठी मुद्दाम बनवून घेतलेलं, पण लाइलकडे आलं तेव्हाच आधी दोघांनी वापरलेलं.

"जनेल, माझा हात..."

"ठाऊक आहे मला तुझा हात. भिंतीवर टांगून ठेव, नाहीतर दाराला टेका म्हणून लाव. माझ्या घरात नको. कपाट उघडलं की पहिलं तेच दिसतं."

ती आत आली नाही. गाडी वळवताना मात्र काच खाली करून म्हणाली, "ऑगस्टच्या मॅचला नाव दिलं होतं त्यानं. ते तेवढं काढून टाक."

त्या पिस्तुलावरून दोघा मित्रांचं वर्षानुवर्षं एकमेकांना चिडवणं चालायचं. जुन्या डेअरीच्या तळघरात दर मंगळवारी नेमबाजांची मंडळी जमायची. एका हातात पिस्तूल, दुसरा हात खिशात, आणि समोर काळ्या गोलाचा कागद. लाइल जवळजवळ दर वेळी रूडीच्या पुढे असायचा. रूडी म्हणायचा, "असलं पिस्तूल मला दे, मग बघ." लाइल हसून म्हणायचा, "नाचता येईना अंगण वाकडं!" आणि मग दोघं कोपऱ्यावरच्या हॉटेलात पिठाच्या गोळ्यांचं सूप प्यायला जायचे. रूडी हे गमतीनं बोलायचा असं सगळ्यांना वाटे. खरं तर तो ते मनापासून मानत होता. लाइल चांगला माणूस, पण त्याचे गुण पिस्तुलाच्या जिवावर, असं.

मॅचमधून नाव काढायला त्यानं फोन हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी खोकं गाडीत टाकून तो व्हर्ना टॉलफसनकडे गेला.

व्हर्ना सत्तरी ओलांडलेली. नवरा होता तोवर दोघं मिळून बंदुकांचं काम करायची. नवरा गेल्यावर लोकांनी दोन-तीन महिने वाट पाहिली, आणि मग लक्षात आलं की नाजूक कामं आधीपासून तीच करत होती. घरामागच्या शेडमध्ये तिचं लेथ, तिच्या कानशी, आणि एक म्हातारी मांजर. व्हर्नाची स्वतःची जीभ कानशीपेक्षा खरखरीत.

"बस," ती म्हणाली. "त्या स्टुलावर नको, ते मांजरीचं आहे."

तिनं पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, मग कानाशी धरून हलवलं. आतून खुळखुळ आवाज आला. तिनं भुवया उंचावल्या. वरची स्लाइड काढली, नळी काढली, नळीच्या तोंडाशी बसणारं कडं बोटावर फिरवून पाहिलं, सगळे सुटे भाग पांढऱ्या फडक्यावर मांडले आणि डोळ्याला भिंग लावून एकेक निरखला.

"कुणाचं म्हणालास हे?"

"लाइलचं."

"लाइल ह्यानं मारायचा? मॅचमध्ये?"

"हो. का?"

"का म्हणे!" तिनं भिंग काढलं. "अरे, ह्यात आहे काय? स्लाइड सांगाड्यावर अशी डुगडुगतेय, म्हाताऱ्याच्या तोंडात कवळी डुगडुगावी तशी. नळी दर गोळीला वेगळ्या जागी बसत असणार. कडं झिजून अंडाकृती झालंय. आणि चापाचा हा भाग कुणी घासलाय? कुणीतरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून घासलाय हा. पन्नास यार्डांवर हे पिस्तूल शिकंज्यात आवळून झाडलं, तरी गोळ्या काळ्या गोलात राहतील याची मी खात्री देणार नाही."

"पण तो मारायचा," रूडी म्हणाला. "काळ्यातच मारायचा."

"मग तो जादूगार होता," व्हर्ना म्हणाली. "किंवा हातानं सगळं सांभाळून घेत होता. दर गोळीला."

रूडी फडक्यावरच्या भागांकडे बघत राहिला. ऐकलं ते नीट समजलं होतं. आतून काहीतरी उसळून यायला हवं, लाज म्हणा, राग म्हणा. काही आलं नाही. मांजर स्टुलावरून उतरली आणि दुसरीकडे जाऊन बसली.

"दुरुस्त होईल?" त्यानं विचारलं.

"होईल. नवी नळी घालीन, हातानं बसवीन. सांगाड्याच्या कडा ठोकून घट्ट करीन आणि स्लाइड घासून घासून त्यावर बसवीन. चापाचे भाग नवे. मुठीच्या पुढच्या बाजूला चौकड्या कोरीन, म्हणजे घामानं हात सरकायचा नाही. पण कुणासाठी करू?"

"माझ्यासाठी."

"कुठल्या हातासाठी?"

"उजव्या. मी उजव्यानंच मारतो."

व्हर्नानं कपाटातून आपलं स्वतःचं पिस्तूल काढलं, रिकामं असल्याचं त्याला दाखवलं आणि त्याच्या हातात दिलं. "भिंतीकडे धर. डोळे मिट. चाप दाब, आणि घोडा पडायच्या ऐन आधी 'आता' म्हण."

रूडीनं डोळे मिटले. बोट चापावर आहे हे त्याला माहीत होतं, कारण त्यानंच ते तिथे ठेवलं होतं. पण ते लोखंड गार आहे की कोमट, बोट दाबतंय की नुसतंच टेकलंय, काही कळेना. टक्कन आवाज झाला.

"आता," तो म्हणाला.

"वा! रविवार उलटून गेल्यावर चर्चला आल्यासारखं. पुन्हा."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर टक्कन वाजायच्या कितीतरी आधीच तो 'आता' म्हणून बसला. त्यानं डोळे उघडले. व्हर्ना हसत नव्हती.

"ऐक," ती म्हणाली. "ज्या बोटाला चाप कळत नाही, त्या बोटाला मी पिस्तूल बनवून देणार नाही. उद्या एखाद्याला इजा झाली तर? डाव्या हाताचं करून देते. सेफ्टीची कळ दोन्हीकडून चालेल अशी लावते, गोळ्यांचं मॅगझिन सोडायचं बटण उलट्या बाजूला घेते. नको असेल तर खोकं उचल आणि घरी जा."

"डाव्या हातानं मला नीट सही पण करता येत नाही, व्हर्नाबाई."

"सही करायला कोण सांगतंय?"

त्यानं तिचं पिस्तूल तिला परत दिलं. मग म्हणाला, "करा."

जुलैभर व्हर्नाचं काम चाललं. रूडी अधूनमधून ऑफिसातून परस्पर तिच्याकडे जायचा. ती स्लाइडला घासायची पेस्ट लावून पुढे-मागे करत बसायची, पुसायची, बघायची, पुन्हा लावायची. आधी दात ओठ खाऊन ढकलावी लागणारी स्लाइड हळूहळू लोण्यावरून गेल्यासारखी चालायला लागली. "घाई केली की सैल होतं," ती म्हणायची, "आणि एकदा सैल झालं की कुणी घट्ट करून दाखवावं. म्हणजे मी सोडून." मुठीचा आकार घेताना तिनं त्याचा डावा हात पिठाच्या गोळ्यासारखा दाबून दाबून पाहिला. त्या हाताला मात्र तिच्या बोटांवरचे घट्टे चांगले टोचले.

मधेच जनेलचा फोन आला. तळघरात पिस्तुलाची दोन मॅगझिनं सापडली होती. रूडी आणायला गेला तेव्हा ती मागच्या पायरीवर मटार सोलत बसली होती. तो शेजारी बसला. काहीतरी करायचं म्हणून त्यानंही शेंगा उचलल्या. उजव्या बोटांना शेंगेची शीर लागत नव्हती, तेव्हा तो बघून बघून सोलायला लागला.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "ते पिस्तूल पार झिजलेलं होतं. व्हर्ना म्हणते, त्यानं नेम लागणं म्हणजे चमत्कार. मी इतकी वर्षं त्याला म्हणत आलो की..."

"ठाऊक आहे मला, काय म्हणायचास ते," जनेल म्हणाली. "आणि त्यालाही ठाऊक होतं ते झिजलंय म्हणून."

"त्याला?"

"मग! दोन वर्षं झाली. मी म्हटलं, व्हर्नाकडे टाक की. तर म्हणे, नको. नीट केलं तर मी आणखी पुढे जाईन, मग रूडीचं तोंड उतरेल. आत्ता त्याला निदान पिस्तुलाला नावं ठेवता येतात. चिडून मंगळवारी यायचाच बंद झाला, तर मी सूप कुणाबरोबर पिऊ?"

जनेल सांगता सांगता हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. एप्रनचं टोक डोळ्यांना लावून ती बसून राहिली. रूडीनं आपला डावा हात तिच्या पाठीवर ठेवला. तिची पाठ हलत होती, तिचं रडं त्याच्या तळव्याला कळत होतं. त्याचं त्याला मात्र काही कळत नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं राहिलेले मटार सोलले, टरफलं कोंबड्यांना टाकली आणि मॅगझिनं खिशात घालून निघाला. गाडीत बसल्यावर किल्ली फिरवायचंच विसरला. जनेलनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोनदा बाहेर पाहिलं, तरी गाडी तिथेच.

ऑगस्टात गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत मॅच झाली. वारा नेहमीसारखा, सूर्यफुलांच्या शेतांवरून आडवा येणारा. रूडीनं लाइलच्या नावाच्या जागी आपलं नाव लिहून घेतलं होतं.  एकानं खांद्यावर थापटलं तेवढंच. रूडीनं उजवा हात खिशात घातला, डावा उचलला.

पहिल्या दहा गोळ्यांत दोन तर कागदालाच लागल्या नाहीत. डावा हात थरथरत होता, खांदा भरून येत होता. पण चाप कळत होता. कुठे अडतो, कुठे भार घेतो, आणि मग काचेची काडी मोडावी तसा कसा सुटतो, सगळं. पिस्तुलाचं काही चुकत नव्हतं. गोळी तो धरेल तिथेच जात होती, आणि तो धरत होता भलतीकडे. दुसऱ्या फेरीत नऊ गोळ्या बऱ्या गेल्या. दहाव्या वेळी त्यानं घाई केली, चाप हिसकला आणि गोळी पार खालच्या कोपऱ्यात गेली. त्याच्या तोंडून कचकचीत शिवी निघाली. आजूबाजूच्या चौघांनी वळून पाहिलं.

"ए!" मागच्या खुर्चीवरून व्हर्ना ओरडली. "पास्टर बसलाय इथे माझ्या शेजारी!"

"चुकलो, पास्टर," रूडी मान न वळवता म्हणाला. त्याला स्वतःचा संताप आला होता, साधा, चांगला, नेम चुकल्याचा संताप. एप्रिलपासून काही वाटलं असेल तर ते एवढंच. ते फार वेळ टिकलं नाही. तोवर त्यानं मॅगझिन भरायला घेतलं होतं. बधिर बोटांतून एक गोळी निसटून गवतात पडली, ती त्यानं वाकून शोधली.

गुणांचा कागद लागला तेव्हा खालून मोजलं तर त्याचं नाव लगेच सापडलं. त्याच्याखाली फक्त एक आजोबा होते, आणि ते चष्मा घरी विसरून आले होते. बायकांनी टेबलावर आंबट रूबार्ब घालून भाजलेल्या गोड पाईच्या बश्या मांडल्या होत्या. व्हर्ना आपली बशी घेऊन त्याच्या शेजारी बाकावर येऊन बसली.

"काय, कसं वाटलं?"

रूडीनं जरा विचार केला. खोटं बोलावंसं वाटेना, आणि खरं काय सांगावं तेही समजेना. शेवटी म्हणाला, "डावा खांदा भयंकर दुखतोय."

"दुखू दे," व्हर्ना म्हणाली, आणि आपल्या बशीतला अर्धा तुकडा तिनं त्याच्या बशीत टाकला. "मंगळवारी ये, चाप अजून थोडा हलका करू."

"हलका नको. आहे तसाच राहू दे," तो म्हणाला. पाई खाऊन झाल्यावर तो नेमाचे कागद लावलेल्या चौकटी उचलायला गेला. बराच वेळ त्याला एकट्यालाच उचलाव्या लागल्या, कारण बाकीची मंडळी अजून खात होती.