उजव्या हाताची दुपार

बोटच न्हाय तिथं दुखतंय म्हणलं की लोक हसत्यात. हसा लेकानो! शिरोली एमआयडीसीत प्रेस मशीनखाली उजव्या हाताची दोन बोटं गेली, त्याचं मला काय न्हाय. पण राहिलेल्या थोटकाला सदऱ्याची बाही जरी घासली तरी करंट बसल्यागत हात उडायचा. एकदा आमची चार वर्षांची क्रांती त्या हाताला लोंबकळली, आणि मी असा बोंबललो की पोरगी थरथर कापाय लागली. तवापासनं ती माझ्या डावीकडनंच चालायची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळासो, तुटलेल्या नसेच्या टोकाला गाठ झालीय. ती काढू आणि नस आत स्नायूत दडवू. पण आधी सुन्न करायचं इंजेक्शन देऊन बघू. त्यानं दुखणं थांबलं, तर ऑपरेशनला अर्थ आहे."

इंजेक्शन दिलं, आणि काय सांगू, दुखणं गप! नाद खुळा! बायकोनं, दीप्तीनं, डबा आणलता. कैक दिसांनी उजव्या हातानं भाकरी मोडली. मग रंकाळ्यावर गेलो. मीच म्हणलं, "क्रांते, धर की उजवा हात." ती भीतभीत आली, बोटांच्या मोकळ्या जागेत मूठ घातली.

"पप्पा, दुखत न्हाय?"

"न्हाय गं बाय."

सांजेला दुखणं परत आलं, तरी मी हसतच हुतो. इलाज गावलाय म्हणून.

ऑपरेशन झालं. टाकं निघालं, जखम भरली. गाठ गेली, पण नसलेल्या बोटांत तापलेला खिळा फिरायचा काय थांबला न्हाय. मरण परवडलं असतं! परवा बाईंचं पायच धरलं. "दुसरं काय नको. ते इंजेक्शन द्या. एक दुपार द्या फकस्त."

त्यांनी दिलं. मनगटापासनं हात सुन्न झाला, आणि दुखणं जागच्या जागी.

बाई खाली बघत म्हणाल्या, "आता ते जखमेतून येत नाही, बाळासो. मेंदूनंच धरून ठेवलंय. गोळ्या बदलून बघू." म्होरं मी ऐकलंच न्हाय.

भाईर दीप्तीजवळ क्रांती बसलेली. मला बघून उठली, आणि थेट उजवीकडं आली.

"पप्पा, आज इंजेक्शन दिलंय न्हवं? धरू?"

"धर की."

तिनं मूठ घातली. मी खाली बघितलं तवा दिसली. हाताला तिचा पत्ताच न्हवता. दुखणं तेवढं कळत हुतं.

"दुखत न्हाय न्हवं?"

"न्हाय गं बाय," म्हणलं, आणि तसाच चालाय लागलो.