ज्याला कुणी न्हाई

सूर्यभान मुंबईच्या गोदीत कामाला लागला आणि गावाकडं, चुडाव्यात, त्याच्या आईच्या, सरजाबाईच्या, बोलण्याला धार आली. मनिऑर्डर आली की म्हातारी पोस्टमनला मुद्दाम ओट्यावर बसवायची, म्हणजे गल्लीनं बघावं. दुष्काळात तलाठी दिनकरराव गरजूंची नावं लिहायला आले, तेव्हा तिनं त्यांना चहा पाजला आणि वर ऐकवलं, "सरकार ज्याला कुणी न्हाई त्याचं. मला सूर्यभान हाय."

घर फिरलं की वासेही फिरतात. चार महिने झाले, मनिऑर्डर नाही, कागद नाही. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, सून पंचफुला पंधरा दिवसांची बाळंतीण. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणार कोण? पंचफुलाच्या पोटात अन्न नव्हतं, दूध कुठून येणार! पोर आधी रडायचं, आता नुसतं तोंड हलवायचं. ते बघून म्हातारीचं काळीज फाटलं.

निराधारांना चावडीवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी फुकट मिळत होती. सरजाबाई सुनेला आणि पोराला घेऊन तिथं गेली.

"आजी, तुमचा मुलगा तर मुंबईला कमावतो," दिनकरराव म्हणाले. "कमावता माणूस असला की यादीत नाव बसत नाही."

"सूर्यभान..." म्हातारी अडखळली. "ऱ्हायला न्हाई."

तलाठी वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही वर जाब द्यायचा होता.

"मग सुनेच्या कपाळाला कुंकू कसं?"

सरजाबाईला अंधुक दिसायचं, तरी ते लाल तेवढं दिसलं. ती काही बोलायच्या आत पंचफुलानं पदरानं कपाळ पुसलं. एकदा पुसून गेलं नाही, म्हणून थुंकी लावून पुन्हा पुसलं.

दिनकररावांनी खाली मान घालून नाव लिहिलं.

ज्वारीचं गाठोडं घेऊन दोघी गल्लीच्या तोंडाशी आल्या, तोच पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली. म्हातारीनं सुनेला ओढून भिंतीआड घेतलं.

"आत्या, त्यांची मनिऑर्डर असंल की!"

"गप ऱ्हा. गावानं बघितलं तर ज्वारी काढून घेतील." तिनं हात जोडले. "देवा, आज आमच्या दारी थांबवू नगं त्याला."

सायकल दारावरून सरळ पुढं गेली. सरजाबाईनं सुटकेचा श्वास टाकला. मग आपण देवाकडं काय मागितलं ते ध्यानात आलं आणि ती मटकन खाली बसली.